घर दोन

हेक्सहॅमच्या चॅरिटीच्या दुकानात, लोकरी मोज्यांखाली,
सात पौंडांना मिळालं.
काचेवर दोन चरे, मागे काचेला चिकटणारा रबरी पाय,
आणि आत कुणाचे तरी पत्ते.
काउंटरवरची बाई म्हणाली, पुसून टाका हवं तर.
मी नाही पुसले.

माझं काम असं:
डोंगरातल्या शेतघरी जायचं, म्हाताऱ्यांच्या कानांत यंत्रं बसवायची,
ती शिट्ट्या मारू लागली की पुन्हा जायचं.
इथे पत्ता सांगतात तो असा,
जळक्या गोठ्यापासून वर या, डॉडच्या मेंढ्या संपल्या की वळा.
मेंढ्या संपत नाहीत.
गावाचं नाव बोलतात आनिक,
पाटीवर मात्र मध्ये एल आणि डब्ल्यू बसलेले,
बिनकामाच्या पाहुण्यांसारखे.
दरीत उतरलं की फोन मान टाकतो.
हे थेट आभाळाशी बोलतं.

पूर्वी मुकुंद शेजारी असायचा.
नकाशा मांडीवर, बोट भलत्याच पानावर,
आणि चुकलं की, सांगितलं होतं ना डावीकडे!
त्याच्या मते मी आयुष्यात
एकदाही वेळेवर वळलेले नाही.
ही यंत्रातली बाई तसं म्हणत नाही.
मी चुकते, ती क्षणभर गप्प होते,
भाजी निवडता निवडता कुणी थांबावं तशी,
मग मी जिथे आहे तिथून रस्ता पुन्हा मोजते.
मागचं उकरून काढत नाही.
चौपन्न वर्षांत असं कुणी भेटलं नव्हतं.

रात्री काढून पर्समध्ये टाकते, चष्म्याच्या डबीएवढं.
शनिवारी मुकुंदच्या गाडीत लावते.
तोही ऐकतो आता तिचं, कुरकुरत.
एकदा तर थँक्यू म्हणाला,
मग माझ्याकडे बघून खोकला.

सगळंच कळतं तिला असं नाही.
इथे एक पोस्टकोड म्हणजे अर्धा डोंगर.
एकदा चिखलात, फाटकापाशी,
तुम्ही पोचला आहात, म्हणाली, अगदी ठामपणे.
समोर एक बैल, रवंथ करणारा.
पुढचं मी उतरून, हाका मारत शोधलं.
ज्याला हाका मारत होते तो बहिरा.

यादीत होतं: जून. मासेवाला. कुत्र्याचा डॉक्टर.
हॉस्पिटल, वॉर्ड अठरा.
आणि सगळ्यांत वर, कौलारू चित्राशेजारी, घर.

नोव्हेंबरात ऑल्स्टनवरून उतरताना धुकं आलं.
स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसेना.
अंगठा चुकून त्या चित्रावर पडला.
चुकून म्हणते मी.
एकोणीस मिनिटं, ती म्हणाली.
निमूट गेले. दोनशे यार्डांवर उजवीकडे. पूल. उतार.
अंधाऱ्या जिन्यात हात धरून कुणी पायऱ्या मोजाव्यात
तशी वळण यायच्या आत वळण सांगत होती.

दगडी घर. खिडक्या काळ्या.
कुंपणाला विकल्याची पाटी,
वाळणाच्या दोरीवर निळे चिमटे, अकरा, ओले.
तुम्ही घरी पोचला आहात.
इंजिन चालूच ठेवून बसले थोडी.
वाट पाहणारं कुणी नव्हतं,
वाट तेवढी तिला पाठ होती.

मग माझा पोस्टकोड घातला.
तिने विचारलं, आधीचं घर बदलायचं?
नाही.
त्याच्याखाली लिहिलं, घर दोन.
छत्तीस मिनिटं, म्हणाली.

बेचाळीस लागली.
पुलानंतर मी एकदा चुकले होते.
ती काही बोलली नाही.